गेटवर कुणी नव्हतं

नवी ओळख झाली की लोक विचारतात, "शाळेत काय शिकवत होता?" मी "हिंदी" म्हणून मोकळी होते. ते खरंच आहे, पण पूर्ण नाही. आठवड्यातले दोन तास मी मॉरल सायन्स शिकवत असे. हे सांगितलं की माणसं हसतात. आमच्या व्याह्यांनी तर विचारलं होतं, "याची लॅब कुठल्या मजल्यावर असते?"

आमची शाळा तारनाक्याच्या पुढे. मुलींची, नन लोकांनी चालवलेली. नाव लिहीत नाही. हैदराबादेत अशा शाळा पुष्कळ आहेत आणि आतून त्या एकमेकींसारख्याच असतात: लाल मातीचं मैदान, बदामाची झाडं, एका बाजूला चॅपेल आणि सिस्टरांचं राहण्याचं घर. फाटकातून आत आलं की उजव्या हाताला ग्रोटो, म्हणजे दगड रचून केलेली लहानशी गुहा. तिच्यात माणसाच्या डोक्याहून उंचावर मरियामातेची मूर्ती. परीक्षेच्या दिवसांत त्या मूर्तीच्या पायाशी मोगऱ्याचे गजरे पडलेले असत. ते कुणी ठेवले हे विचारायचं नाही, असा शाळेचा अलिखित नियम होता, कारण ठेवणाऱ्यांत सगळ्याच धर्माच्या मुली असत.

मॉरल सायन्सच्या तासाला कॅथलिक मुलींना सिस्टर चॅपेलकडे नेत, त्यांच्या धर्माच्या शिकवणीसाठी. उरलेल्या, म्हणजे वर्गातल्या बहुतेक सगळ्याच, माझ्या वाट्याला येत. हिंदू, मुसलमान, जैन, एखादी शीख. रेल्वे क्वार्टर्समधल्या, युनिव्हर्सिटीतल्या प्राध्यापकांच्या, आणि अलीकडे पुण्या-मुंबईहून कंपन्यांत आलेल्या लोकांच्या मुली. हा विषय माझ्याकडे माझ्या सद्गुणांमुळे आला असं कुणी समजू नये. टाइमटेबलात माझे दोन तास रिकामे होते, एवढंच.

पुस्तकात प्रत्येक धड्याला एक गोष्ट आणि खाली प्रश्न. रस्त्यात पाकीट सापडलं तर काय कराल? याचं उत्तर मुलींना बालवाडीपासून पाठ असतं. एकीने मात्र लिहिलं होतं, "पोलिसांना देईन, पण आधी आईला विचारीन, कारण आईचा पोलिसांवर विश्वास नाही." तिला मी पूर्ण मार्क दिले. पुढे मार्क जाऊन ग्रेड आल्या आणि पालकांचे खरे हाल सुरू झाले. एक बिल्डर गृहस्थ ओपन डेला प्रगतिपुस्तक माझ्यासमोर आपटून म्हणाले, "मिस, मॅथ्समें ए, सायन्समें ए, इसमेंच कायकू बी? घर में तो अच्छीच रहती." मी म्हटलं, वर्गात ती दुसऱ्यांना बोलू देत नाही. त्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "आप ट्यूशन लेते क्या?" मी नाही म्हटलं. "फिर कौन लेता?"

पालक आम्हाला दोन कारणांसाठी निवडत: इंग्रजी आणि डिसिप्लिन. प्रवेशाच्या वेळी डिसिप्लिनचं कौतुक तोंड भरून करायचं, आणि ती आपल्या मुलीपर्यंत पोचली की भेटायला यायचं, असा रिवाज होता. त्यात मला नवल वाटत नसे. पालक झालं की माणूस निम्मा वकील होतोच. माझाही मुलगा शाळेत जात होता तेव्हा मी काही वेगळी नव्हते.

या धंद्यातला एक नियम मात्र मला कुणी शिकवला नव्हता, तो मीच शिकले. मुलगी येऊन म्हणते, "मिस, एक सांगायचंय, पण कुणाला सांगू नका." तेव्हा ऐकण्याआधी शब्द द्यायचा नाही. ऐकल्यावर ठरवीन म्हणायचं. निम्म्या मुली तेवढ्यावर परत जातात. ज्या थांबतात त्यांना खरोखर सांगायचं असतं.

मृण्मयी साठे थांबली होती. ती हकीकत मी निवृत्त होण्याच्या अलीकडची.

मृण्मयी नववीत होती. वडील पुण्याचे, उप्पलकडच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. आई घरूनच काम करायची. मुलगी उंच, थ्रोबॉलच्या टीममध्ये. माझ्याशी मराठी बोलायची, पण तिच्या मराठीत क्रियापदं तेवढी मराठी असायची. मराठी वाचायला दिलं तर बोट ठेवून वाचायची.

डिसेंबर होता. ख्रिसमसच्या कार्यक्रमाच्या तालमी, चांदण्यांचे कंदील, गोठ्याचा देखावा, असं सगळं चाललेलं. आणि डिसेंबरात हैदराबादेत आणखी एक गोष्ट असतेच: काळे कपडे, गळ्यात माळ, अनवाणी पाय. शबरीमलैला जाण्याआधी अय्यप्पाचे भक्त महिना-सव्वा महिना व्रत पाळतात. आमचा वॉचमन यादगिरी दर वर्षी माळ घालायचा. त्या दिवसांत त्याला सगळे "स्वामी" म्हणत, आमच्या सिस्टरसुद्धा. मुख्याध्यापिका सिस्टर अ‍ॅग्नेस केरळच्या. त्यांच्या गावावरूनच ते यात्रेकरू जात असत. खाकीऐवजी काळे कपडे घालू का, असं यादगिरीने पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "फाटक तेच राहणार आहे ना? मग घाल." यादगिरीची बायको यादम्मा आमच्याकडेच आया होती. झाडझूड, घंटा आणि स्टाफरूममधलं पाणी तिच्याकडे.

एका शुक्रवारी दिवेलागणीला म्हाताऱ्या सिस्टर फिलोमिना जपमाळ घेऊन ग्रोटोपाशी गेल्या आणि तिथेच खाली बसल्या. मूर्ती पालथी पडली होती. एक हात कोपरापासून तुटलेला, नाकाचा टवका उडालेला, मानेला तडा.

शनिवारी आमची अर्धा दिवस शाळा असायची. सकाळच्या प्रार्थनेला सिस्टर अ‍ॅग्नेसनी एवढंच सांगितलं की मूर्तीला इजा झाली आहे, चौकशी चालू आहे, कुणी काही पसरवू नये. त्या हे सांगत असताना फोटो पालकांच्या ग्रुपवर जाऊन पोचलासुद्धा होता. कुणी काढला ते कधीच कळलं नाही. पहिला तास संपेपर्यंत "बाहेरच्यांनी हल्ला केला" असं झालं होतं, आणि मधल्या सुट्टीपर्यंत चर्चची दहा-पंधरा माणसं फाटकाबाहेर उभी होती. त्यांचे पुढारी जोसेफ अंकल, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. सभ्य माणूस. घोषणा वगैरे काही नाही, नुसते हाताची घडी घालून उभे. ते बघून मला जास्त भीती वाटली.

ठाण्यातून आलेला इन्स्पेक्टर तरुण होता, नीट बोलणारा. ग्रोटोवर रोखलेल्या कॅमेऱ्यात बदामाची फांदी आणि तिची पानं एवढंच दिसत होतं. तो ते रेकॉर्डिंग बराच वेळ बघत राहिला, बहुधा रागाने. मग त्याने यादगिरीला बोलावलं. यादगिरी म्हणाला, "साब, मैं गेट पेच था. आखरी बच्ची जाने तक हिला नइं. कोई आया नइं, कोई गया नइं."

"कोणी आलंच नाही, तर मग मोडली कुणी?" इन्स्पेक्टरने विचारलं.

फाटकाबाहेरून कुणीतरी ओरडलं, "उसके कपड़े देखो ना, साब!" आणि तेवढ्यावर ती गोष्ट फिरली. इन्स्पेक्टरने यादगिरीला चौकशीसाठी जीपमध्ये बसवलं. मला वाटतं, बाहेरच्या लोकांपासून त्याला दूर न्यावं हाही हेतू असावा. पण अनवाणी, माळ घातलेला माणूस पोलिसांच्या जीपमध्ये चढतोय, हे रस्त्यावर सगळ्यांनी पाहिलं. तासाभरात ठाण्यासमोर काळ्या कपड्यांतली माणसं जमायला लागल्याची बातमी आली. शाळेच्या फाटकावर एक जमाव, ठाण्याच्या फाटकावर दुसरा. मधे फार तर पंधरा मिनिटांचं अंतर.

यादम्मा मात्र नेहमीच्या वेळी पाण्याचा जग घेऊन स्टाफरूममध्ये आली. "मिस, मंगलवार कू उनो शबरीमलै जाने वाले हैं. माल पहनको ऐसा काम करते क्या? आपीच बोलो."

"नाही करणार," मी म्हटलं.

"तो जाको बोलो ना उनकू."

मी काय सांगणार होते? माझ्या म्हणण्याला त्या दिवशी कुणी विचारलं नसतं.

शेवटचा तास नववी बीवर माझाच होता, मॉरल सायन्सचा. मी पुस्तक उघडलंच नाही. मुलींना वाचत बसायला सांगितलं आणि खिडकीतून फाटकाकडे बघत राहिले. घंटा झाली. मुलींना एकेक करून मागच्या दाराने पालकांच्या ताब्यात द्यायचं ठरलं होतं. वर्ग रिकामा झाला तरी मृण्मयी दप्तर पोटाशी धरून बाकावर बसलेली.

"मिस, एक सांगायचंय. पण तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

"ऐकल्यावर ठरवीन."

तिने दप्तर बाकावर ठेवलं. मग म्हणाली, "मिस, अ‍ॅक्सिडेंटली झालं तर ते सिन असतं का?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. आदल्या दिवशी प्रॅक्टिस संपल्यावर सगळ्या गेल्या, हिच्या बाबांना उशीर होता. ही एकटीच बॉल उडवत बसली. बॉल गेला मूर्तीच्या मागे. बॉल हरवला की पीटी मिस सगळ्या टीमला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावतात, म्हणून ही दगडांवर चढली. बॉल मिळाला. उतरताना शेवाळावरून पाय सुटला आणि तिने जे हाताला लागलं ते धरलं.

"मदर मेरीचा हात होता तो. एक सेकंद वाटलं वाचले. मग पूर्ण स्टॅच्यूच माझ्याबरोबर खाली आला." तिने स्वेटरची बाही वर केली. कोपर सोलवटून निघालेलं. "मी पळाले मिस. गेटवर कुणी नव्हतं. बाबांची कार आली, मी बसले. मला वाटलं, जोडतील ते. मग आज यादगिरीभय्यांना जीपमध्ये..."

मी तिला पाणी दिलं आणि तिच्या आईवडिलांना फोन केला. मुलीला आधी सिस्टरांपुढे उभं करायचं नाही, पालक आल्याखेरीज काही विचारायचं नाही, हे आमच्याकडे ठरलेलं होतं. नियम चांगला होता. पण ते येईपर्यंत ठाण्यातल्या माणसाचं काय, हे नियमात नव्हतं.

सिस्टरांच्या घरातल्या पाहुण्यांच्या खोलीला पार्लर म्हणतात. नव्या मुलींना ते ऐकून वेगळंच काही वाटतं. तिथे लाकडी खुर्च्या, पोपचा फोटो आणि क्रोशाचे रुमाल असतात. साठे पतिपत्नी तिथे येऊन बसले. मुलगी दोघांच्या मध्ये. ऐकून झाल्यावर साठे उठले, दार लावून आले आणि माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसले.

"मॅडम, तुम्ही आपल्यातल्या आहात म्हणून स्पष्ट बोलतो. ही गोष्ट या खोलीच्या बाहेर जायला नको."

"ठाण्यात एक माणूस बसलाय, साठेसाहेब."

"मला मान्य आहे. मी त्याच्यासाठी वकील देतो. आत्ता, या मिनिटाला. उत्तम वकील. तो सुटणारच, पुरावा काय आहे त्याच्याविरुद्ध? पण हिचं नाव नको. तुम्ही ते ग्रुप बघितलेत ना? लोक काय काय लिहितायत? चौदा वर्षांची आहे ती. हिचा फोटो एकदा फिरला की कोण थांबवणार? आम्ही इथे बाहेरचे. ना आमचं इथे कुणी, ना आम्हाला तेलुगू येत."

तो माणूस घाबरला होता, आणि त्याची भीती खोटी नव्हती. मी त्याच्या जागी असते तर वेगळं काय म्हटलं असतं, मला सांगता येत नाही.

"मी सिस्टरांना सांगणार आहे," मी म्हटलं. "नाव न घेता सांगून बघते. चालेल?"

ते त्यांनी मान्य केलं. मी सिस्टर अ‍ॅग्नेसना बोलावून आणलं. खोलीत मुलगी बसलेली बघून त्यांना काय ते समजलंच, पण त्यांनी काही विचारलं नाही. तिथूनच इन्स्पेक्टरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. एका विद्यार्थिनीच्या हातून अपघात झाला, शाळेची तक्रार नाही, वॉचमनला सोडा.

"सिस्टर, कौनसी बच्ची?"

"वो मैं नहीं बता सकती."

"फिर मैं क्या बोलूँ बाहर वालों को? आपके लोग बोलेंगे सिस्टर डर गईं. उधर वाले बोलेंगे, झूठा इल्ज़ाम लगाया, अब माफी माँगो. बच्ची का बयान दीजिए, नाम बाहर नहीं जाएगा, मेरी ज़बान है. बिना नाम के मैं दोनों को घर नहीं भेज सकता."

फोन बंद झाला. साठे म्हणाले, "बघा. म्हणूनच म्हणतोय, वकील." सिस्टरांनी मृण्मयीकडे वळून पहिल्यांदाच तिला विचारलं.

"बूट घालून चढलीस?"

"येस, सिस्टर."

"त्या दगडांवर शेवाळ आहे. मान मोडली असती तुझी." आणि मग तिचं कोपर बघून, "हे धुतलंस का?"

मृण्मयीने मान हलवून नाही म्हटलं आणि ती रडायला लागली. तिची आई नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आपण हिला या शाळेत का घातलं, आठवतंय? मी घराजवळची म्हणत होते. तूच म्हणालास, इथली डिसिप्लिन बघ."

"अगं, ते वेगळं."

"काय वेगळं? बोलू दे तिला. आज नाही बोलली तर ती आयुष्यभर त्या माणसाचं तोंड चुकवत फिरेल. आणि आपणसुद्धा."

साठे खुर्चीत मागे टेकले. मोठा पगारदार माणूस, रोज कितीतरी लोकांना कामं सांगत असेल. त्या लाकडी खुर्चीत तो एकदम विद्यार्थ्यासारखा दिसायला लागला. शेवटी म्हणाला, "मी तिच्याशेजारी बसणार. आणि फोन कुणाकडे नको."

सिस्टरांनी झग्याच्या खिशातून स्वतःचा फोन काढून टेबलावर ठेवला. मग आम्ही सगळ्यांनी ठेवले.

मुलगी ठाण्यात येणार नाही, तुम्हीच या, असं सिस्टरांनी इन्स्पेक्टरला कळवलं. तो साधा शर्ट घालून, एका महिला पोलिसाला घेऊन मागच्या दाराने आला. तो येईपर्यंतच्या वेळात मृण्मयी माझ्याकडे सरकून हळूच म्हणाली, "मिस, सगळं सांगायचं ना? जसं झालं तसं?"

आणि तिथे मला ते वाक्य आठवलं. गेटवर कुणी नव्हतं.

यादगिरीने सांगितलं होतं की तो हललाच नाही. तो कुठे गेला असणार हे मला ठाऊक होतं. मागच्या गल्लीत अय्यप्पाचं देऊळ आहे, संध्याकाळच्या पूजेला व्रतातली सगळी मंडळी तिथे जमतात. नोकरी जाईल म्हणून तो खोटं बोलला, आणि त्या खोट्यामुळेच ठाण्यात जाऊन बसला. आता मुलीने कबुली दिली की तो सुटणार होता. फाटक रिकामं होतं हे सांगायची त्यासाठी गरज नव्हती. एवढं एक वाक्य गाळ, असं मी तिला म्हणू शकले असते. खोलीत कुणाचं लक्ष नव्हतं.

पण समोर चौदा वर्षांची मुलगी विचारत होती, जसं झालं तसं ना? त्या दिवशी सकाळपासून सगळे मोठे लोक आपापलं एकेक वाक्य गाळूनच बोलत होते.

"हो," मी म्हटलं. "जसं झालं तसं."

तिने सांगितलं. अडखळत, पण सरळ. इन्स्पेक्टरने एकच मधला प्रश्न विचारला, "वॉचमनने तुला जाताना पाहिलं नाही?" ती म्हणाली, "गेट पे कोई नहीं था, सर." त्याने मान वर करून सिस्टरांकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

पुढचं पटापट झालं. सिस्टरांनी जोसेफ अंकलना एकट्यांना आत घेतलं आणि ग्रोटोपाशी नेलं. शेवाळावर बुटाची घसरल्याची खूण होतीच, पण आधी कुणी शोधली नव्हती. अंकलनी ती खूण बघितली, वर रिकाम्या जागेकडे बघितलं आणि विचारलं, "बच्ची है?"

"बच्ची है," सिस्टर म्हणाल्या.

"ज़्यादा लगी तो नहीं उसको?"

त्यांनी बाहेर जाऊन आपल्या लोकांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. पण लोक पांगले. तिकडे ठाण्यातून यादगिरीला त्यांच्या गुरुस्वामींनी, म्हणजे त्यांच्या यात्रेच्या म्होरक्याने, घरी नेलं. संध्याकाळपर्यंत रस्ता नेहमीसारखा वाहत होता. दोन्ही जमावांतल्या लोकांनी आपापल्या ग्रुपवर दुसरे विषय सुरू केले असतील.

मृण्मयीचं नाव बाहेर गेलं नाही असं इन्स्पेक्टरच्या बाजूने म्हणायला हवं. शाळेत मात्र सोमवारी सगळ्यांना माहीत होतं. शाळेत काहीही लपत नाही. काही मुली तिच्याशेजारी बसेनात, काहींनी तिला नको ती नावं ठेवली. मग ख्रिसमसच्या सुट्ट्या आल्या, आणि परत आल्यावर मुलींना आठवीतल्या एकीचं पळून जाण्याचं प्रकरण मिळालं. चर्चने नवी मूर्ती आणली, फायबरची. साठ्यांनी खर्च द्यायची तयारी दाखवली, सिस्टरांनी नको म्हटलं. कॅमेऱ्यासमोरची बदामाची फांदी तोडली.

आणि यादगिरीची नोकरी गेली. गेली काही वर्षं वॉचमन एजन्सीमार्फत येत. मुली आत असताना फाटक सोडून गेला, हे त्याच्याविरुद्ध लेखी झालं होतं. सिस्टर अ‍ॅग्नेस एजन्सीशी भांडल्या, माझ्यासमोर भांडल्या. पण पालकांच्या कमिटीने सह्यांचं पत्र दिलं. त्यात काही खोटं नव्हतं. मुलींच्या शाळेचं फाटक संध्याकाळी उघडं पडणं ही लहान गोष्ट नव्हे. त्या संध्याकाळी एखादा भलताच माणूस आत आला असता तर मीच सगळ्यात मोठ्याने ओरडले असते. यादगिरी ठरल्याप्रमाणे मंगळवारी शबरीमलैला गेला. येताना प्रसाद आणला. तो यादम्माने स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटला, मलाही दिला.

ती मला काही म्हणेल असं मला वाटत होतं. मग बऱ्याच दिवसांनी एकदा दुपारी, मी पेपर तपासत एकटीच बसले असताना, तिने माझा पेला भरला आणि जग हातात धरूनच उभी राहिली.

"मिस, बच्ची आपके पास पहले आई थी ना?"

"हो."

"उनो गेट पे नइं थे, इतनी एक बात छोड़ दे बोलते आप, तो क्या जाता था?"

ही बाई कधी शाळेत गेली नव्हती, पण प्रश्न तिने नेमका माझ्या विषयातला विचारला होता. मी तिला पुस्तकातलं उत्तर देऊ शकत होते. मुलीला निम्मं खरं बोलायला कसं शिकवायचं, वगैरे. पण नोकरी माझी गेली नव्हती.

"काही गेलं नसतं, यादम्मा," मी म्हटलं.

"हौ," ती म्हणाली. "वोइच मैं बोली उनकू." आणि जग घेऊन बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी पाणी आणलं, नेहमीसारखं. मी निवृत्त होईपर्यंत आमच्यात पुन्हा त्यावर बोलणं झालं नाही. मला अजूनही वाटतं की मी मुलीला सांगितलं तेच बरोबर होतं. आणि यादम्माला सांगितलं तेही.

सुट्ट्यांनंतर साठ्यांनी एक गोष्ट केली, कुणाला न विचारता. हब्सिगुड्याला ते राहत होते त्या सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठून त्यांनी यादगिरीला तिथल्या फाटकावर लावून घेतलं. काम हलकं होतं, बसायला केबिन होती. मला कळलं तेव्हा बरं वाटलं. गोष्ट नीट मिटली असंच मी समजत होते.

दहावीच्या वर्षी एकदा ओपन डेला मृण्मयी भेटली. मार्क चांगले होते, आणखी उंच झाली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, "यादगिरी बरा आहे ना तुमच्याकडे?"

"हो मिस. रोज सकाळी भेटतात. आमची कार आली की ते उभे राहतात. आणि मला नमस्ते करतात. मला, मिस. मला कसंतरीच होतं."

"मग तू काय करतेस?"

"मी आता कार थांबवायला सांगते. काच खाली करते आणि आधी मीच करते, नमस्ते स्वामी म्हणून. पण काच खाली येईपर्यंत ते उभे राहिलेले असतात, मिस."